आत्याचा मान

फ्लेक्स सकाळी आठ वाजता घरी आला आणि त्यावरचं नाव दुसऱ्याच कुणाचं तरी आहे हे साडेआठला कळलं. वाव्हळ्यांच्या घरात आजवर बहुतेक गोष्टी याच क्रमानं झाल्या होत्या, म्हणून गीताबाईला फारसं नवल वाटलं नाही. सिद्धोधनच्या लग्नाच्या वेळीसुद्धा मांडववाल्याला आधी सांगितलं होतं आणि पोरीच्या बापाला नंतर.

सिद्धोधननं फ्लेक्स अंगणात पसरला. आठ बाय चार. डाव्या बाजूला तो स्वतः, काळा गॉगल लावून, छातीवर हाताची घडी घालून. खाली शुभेच्छुक म्हणून त्याच्या बारा दोस्तांचे फोटो. उजव्या कोपऱ्यात येसराच्या पुडीमागं अर्धी झाकलेली गीताबाई, हात जोडून. आणि मधोमध लालभडक अक्षरांत: पूर्णा येसर डॉट कॉम.

"ह्यात येसर कोन करतंय? म्या, का तुझे दोस्त?" गीताबाईनं विचारलं.

"माय, पब्लिक चेहरा बघून येतंय."

"चेहरा कुठं दिसायलाय? नुस्ता गॉगल दिसायलाय."

ओसरीवर संघप्रिया लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. सिद्धोधनची ही थोरली, परभणीच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन परत आलेली. तिच्या वर्गातल्या पोरी पुण्याला पळाल्या आणि ही आजीच्या कढईपाशी येऊन बसली, म्हणून गल्लीनं तिला वेड्यात काढलं होतं. आजीचं येसर म्हणजे बाजरी, गहू, डाळ, धने असं सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं पीठ. चमचाभर आमटीत पडलं की शेजारचा विचारायला यायचा, आज काय केलं म्हणून. इतके दिवस ते पुण्या-मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या ओळखीपाळखीच्यांच्या पिशव्यांतून जायचं. आता ते सरळ लोकांच्या दारात पोचवायचं, असा पोरीनं घाट घातला होता. सोमवारी परभणीत बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं स्टॉल मिळाला होता. त्याआधी वेबसाइटचं नाव हातात पाहिजे होतं, आणि आज शनिवार.

"पप्पा, हे नाव कुणीतरी आधीच घेतलंय."

"म्हंजी? आपल्या पूर्णेत दुसरं कोन येसर इकायलंय? नाव सांग, आत्ता जाऊन येतो."

"पूर्णेतला न्हाई तो. कुठला हाय ते बी कळंना. नुसतं नाव घेऊन ठिवलंय, इकायला."

"नाव इकायला?" सिद्धोधन खाली बसला. "मानसानं नाव कमवायचं असतंय. इकायचं असतंय व्हय?"

"फ्लेक्स टाकायच्या आधी मला एकदा इचारायचं तरी!"

"अगं लग्नसराई चालू हाय. फ्लेक्सवाला नंबर देईना. मिळाला तवा टाकला."

बावीस वर्षं पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन. कुठली गाडी कुठल्या रुळावर घ्यायची यात त्याच्या हातून आजवर एक चूक झाली नव्हती, आणि घरात शिरला की प्रत्येक डबा रुळावरून खाली. गीताबाईला त्याचं हसू आलं आणि कीवही आली. त्याचा बाप, तिचा नवरा, असाच होता. पंडितनं नाही का, विहीर खणायच्या आधी मोटार आणून ठेवली होती!

मग नाव शोधायला सगळं घर बसलं. सिद्धोधनची बायको सत्यशीला झेडपीच्या शाळेत बाई. सुट्टीचे दिवस असले तरी हातात पेन धरल्याशिवाय तिला बोलता येत नसे. गीताबाईची धाकटी लेक राजेश्री पुण्याहून व्हिडिओवर आली. तिला दिसावं म्हणून संघप्रियानं फोन येसराच्या डब्याला टेकवून ठेवला.

"दादा, बाबांच्या नावानं घे की," राजेश्री म्हणाली. "पंडितराव येसर."

"बघ! हेच मी म्हनायलोय." सिद्धोधनला एकदम बळ आलं.

"बाबांनी जन्मात कढईत उलथनं घातलं न्हाई," सत्यशीला म्हणाली. "अन वन्सं, पंडितराव म्हटलं की लोक पत्रिका दाखवायला येतील."

"मग डेक्कन टेस्ट ठिवा. इकडं पुण्यात असलं चालतंय."

"असलं नगं. चौथीतल्या पोराला एका दमात वाचता आलं पायजे."

दहा वाजेपर्यंत अकरा नावं झाली. संघप्रिया एकेक टाइप करायची. लाल आलं म्हणजे नाव गेलेलं, हिरवं आलं म्हणजे मोकळं. गंमत अशी की जे लाल यायचं ते सगळ्यांना एकाएकी लय आवडायचं, आणि हिरवं आलं की प्रत्येकाला त्यात खोट दिसायची. एरवी सत्यशीला आणि राजेश्रीचं मीठ-मिरचीवरूनही जमत नसे, पण सिद्धोधन बापाचंच नाव धरून बसला तेव्हा दोघी एक झाल्या आणि तो एकटा पडला. मग राजेश्री म्हणाली की पुण्याचा धंदा तिनं वाढवलाय, तिच्या शब्दाला काही किंमत हाय का न्हाई. त्यासरशी नवरा-बायको एका बाजूला झाले. गीताबाई डाळ निवडत ऐकत होती.

"पणजीचं नाव?" संघप्रिया मधेच म्हणाली. "कुसुमबाई. येसर मुळात तिचंच ना?"

सत्यशीलेनं पेनाचं टोपण लावलं. फोनमधली राजेश्री दुसरीकडं बघायला लागली. कुसुमबाई म्हणजे गीताबाईची सासू; तिचं नाव घेतलं की तिच्या लेकीचं नाव मागोमाग येणार, आणि ते नाव या घरात नऊ वर्षं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

सुलाबाई, पंडितची धाकटी बहीण, पाथरीला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी राजेश्रीच्या लग्नाच्या पत्रिकेत तिचं नाव आलं नाही. मामा आले, मावश्या आल्या, चुलत्याच्या साडूचं नाव दोनदा आलं. सख्ख्या आत्याचं मात्र नाही. पत्रिका हातात पडली त्या दिवशी सुलाबाईनं ती तशीच परत पाठवली. ती लग्नाला आली नाही आणि त्यानंतर कशालाच आली नाही. प्रेसवाल्यानं चूक केली, असं घरानं सगळ्यांना सांगितलं. घराचा त्यावर विश्वासही होता. एका गीताबाईचा सोडून.

तिनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं.

"लेकराचं नाव ठिवायचा मान कुनाचा असतो?"

"आत्याचा," सत्यशीला हळूच म्हणाली.

"मग इथं अकरा जन कामून भांडायलाव? हे येसर ह्या घराचं लेकरू हाय. त्याच्या आत्याला बोलवा."

"आज्जी, आपण चारच जण हाव."

"आवाज अकरा जनांचा यायलाय."

सिद्धोधननं टोपी काढून डोकं खाजवलं. "माय, ती येनार न्हाई. म्या दोनदा पाथरीला जाऊन आलोय, दारातून परत आलोय. तू कवा गेलीस का?"

हे खरं होतं. म्हणूनच लागलं. गीताबाईला बहात्तरावं चालू होतं. पंडितच्या मागं आपल्याबरोबरचं असं तिला कुणी उरलं नव्हतं. या घरात नवी आली तेव्हा कुसुमबाईच्या धाकात रडू आलं की जिच्या पदरात तोंड लपवावं, ती ही नणंदच. ती न बोलता गेली तर? का आपणच आधी गेलो, आणि ती मातीला आली तरी बोलली नाही तर? अलीकडं गाडी शिटी मारून निघाली की गीताबाईच्या मनात हेच यायचं, आणि पूर्णेत गाड्या काही कमी नाहीत.

"नंबर लाव," ती नातीला म्हणाली.

तिकडून फोन उचलला. कुणी हॅलो म्हणालं नाही, फक्त पंख्याची घरघर ऐकू आली.

"सुला, मी गीता. आपल्या येसराचं नाव ठिवायचंय, कॉम्प्युटरवर. सोमवारच्या आत. आत्याबिगर कसं ठिवावं? ये."

 तिकडून फोन कट झाला.

"झालं," सिद्धोधन म्हणाला. "आता घ्या कायतरी हिरवं."

"दुपारपर्यंत काई घ्यायचं न्हाई," गीताबाईनं बजावलं आणि ती सोमवारचा माल भाजायला उठली.

त्या दिवशी तिच्या हातून बाजरीचा एक घाणा जळाला. लग्न होऊन आल्यापासून असं झालं नव्हतं. सत्यशीलेनं पाहिलं आणि खिडकी उघडली.

दोन वाजून गेले होते. पाथरीहून परभणी आणि परभणीहून पूर्णा, दोन एसट्या आणि वरून मे महिन्याचं ऊन. अंगणात ऑटो थांबला. पांढऱ्या लुगड्यातली, हातात कापडी पिशवी घेतलेली, वाळून निम्मी झालेली एक बाई उतरली. गीताबाईला आधी ओळखूच आली नाही. नऊ वर्षांत माणूस इतकं वाळतं होय?

"जयभीम आत्या!" सिद्धोधन पळत पुढं गेला.

"जयभीम." जयभीमला जयभीम द्यावाच लागतो, तेवढा तिनं दिला. मग पायाखालच्या फ्लेक्सकडं पाहिलं. "हा कोन गॉगलवाला?"

"मीच हाव आत्या."

"डोळे आले व्हते का?"

संघप्रिया फिसकन हसली. सिद्धोधननं फ्लेक्स उलटा केला आणि पांढरी बाजू वर आणली. सुलाबाई त्यावरून चालत ओसरीपर्यंत आली, पण वर चढली नाही. पायरीवर बसली आणि नाक वर करून हवा हुंगली.

"जळकं यायलंय कायतरी."

"बाजरी लागली," गीताबाई म्हणाली. "पानी घे, सुला."

"पानी नगं. तुमी कशाला बोलीवलंत ते सांगा."

तुमी! गीताबाईला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. ही पोर चौदा वर्षांची होती तेव्हा तिनं गीताबाईला पहिल्यांदा 'वैनी, तू' म्हटलं होतं आणि कुसुमबाईचा मार खाऊनही ते सोडलं नव्हतं. भांडली तरी 'तू' म्हणूनच भांडायची. सत्यशीला तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

संघप्रियानं समजावून सांगितलं. वेबसाइट म्हणजे कॉम्प्युटरमधलं दुकान. त्याला पाटी लागते. ही पाटी साऱ्या जगात एकाच दुकानाला मिळते. दुसऱ्यानं आधी घेतली की गेली. सुलाबाई मान डोलावत ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "अन एकदा लिव्हलेलं नाव दुसऱ्या कुनाला खोडता येतंय का?"

"न्हाई सुलाआजी. ज्याच्या नावावर, त्याचंच."

"हे बरं हाय," सुलाबाई म्हणाली. मग पहिल्यांदा तिनं भावजयीकडं पाहिलं. "नाव ठिवते. आत्याचा मान हाय, त्याला मी न्हाई म्हननार न्हाई. पर आधी एक इचारते, ते सांगा. राजेश्रीच्या पत्रिकेतलं माझं नाव प्रेसवाल्यानं सोडलं, का कुनी सोडायला लावलं?"

"आत्या, जुनं कशाला..." सिद्धोधननं सुरुवात केली.

"तुला न्हाई इचारलं."

राजेश्री पुन्हा फोनवर होती, त्याच डब्याला टेकलेली. "प्रेसवालाच चुकला व्हता, आत्या," ती तिथून म्हणाली. "मायनं किती बोलून घेतलं त्याला. व्हय ना माय?"

सगळे गीताबाईकडं बघायला लागले. व्हय म्हणायला काहीच जड नव्हतं. प्रेस बंद होऊन पाच वर्षं झाली होती. प्रेसवाला लेकाकडं लांब कुठंतरी राहायला गेला होता, त्याला विचारायला कोण जाणार? एक 'व्हय', आणि सुला ओसरीवर चढली असती, चहा झाला असता, नाव ठरलं असतं. लेक, सून, नात यांच्यापुढं खाली मान घालायची वेळही आली नसती. गीताबाईनं तोंड उघडलंसुद्धा. पण नणंदेचे पाय दिसले. धुळीनं भरलेले, टाचा फुटलेले, दोन एसट्या बदलून आलेले पाय.

"म्या खोडलं," ती म्हणाली.

"माय!" फोनमधून आवाज आला.

"प्रूफ बघायला मीच गेल्ते. लाल पेन त्याच्या टेबलावर व्हता. एक रेघ मारली. तो म्हनला बी, 'बाई, आत्याचं नाव हाय.' म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या. अन वरून त्यालाच म्हनलं, कुनी इचारलं तर तुमच्यावर घ्या."

"अगं माय, म्या त्या मानसाची कॉलर धरल्ती! भर बाजारात!" सिद्धोधन ओरडला. "एका शब्दानं बोलला न्हाई तो!"

"चांगला मानूस व्हता," गीताबाई म्हणाली. तिला आता खाली बसावं लागलं. ती ओसरीच्या कडेला टेकली, नणंदेपासून दोन हातांवर.

सुलाबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "कामून?"

"तुला ठावं हाय कामून. सोयरिकीच्या बैठकीत व्याही येसराची तारीफ करायले, अन तू भर मानसांत म्हनलीस, 'येसर माझ्या मायचं हाय, वैनीला निस्तं ढवळायचं ठावं.' माझे हात चाळीस साल त्या कढईवर भाजले, सुला. लेकीच्या सासरच्यांपुढं माझी फजिती केलीस. तवा मला वाटलं, हिचं नावच नगं. आता वाटतंय, रेघ मारायच्या आधी हात झडला असता तर बरं झालं असतं. चुकले मी. तुझी चुकले, अन ह्या लेकरांची बी चुकले. त्यांच्याकडून नऊ साल खोटं बोलून घेतलं."

 स्टेशनात एक मालगाडी लागत होती. तिचे डबे एकेक करून धडकत गेले, ते संपेपर्यंत सुलाबाई थांबली.

"मी बोलले ते खोटं व्हतं," ती म्हणाली.

"कोनतं?"

"येसराचं. मायनं मला कवाच शिकीवलं न्हाई, वैनी. म्हनायची, तू परक्या घरची, तुझं तुझी सासू बघंल. ह्या घराची चव ह्या घरात ऱ्हावी. तुला कढईपशी बसवायची अन मला जात्यापशी. किती भाजायचं, कवा उतरायचं, ते तुझ्या कानात सांगायची. मी सख्खी लेक, अन मला निस्तं दळायला. त्या दिशी व्याह्यांनी तुझं येसर वानलं, अन माझ्या पोटात आग पडली. माझ्या मायचं येसर मला येत न्हाई गं! पाथरीत नऊ साल करून बघायले. रंग येतोय, वास येत न्हाई. सून तोंडावर काई म्हनत न्हाई, पर लेक आमटी अर्धी ठिवतो."

 तिनं पदर तोंडाला लावला. गीताबाईच्या मात्र एकच गोष्ट कानात राहिली होती: 'तुझं येसर' म्हणाली. तुझं! तुमचं नाही.

"पर जात्याचा खुंटा धरायला दोघी लागायच्या," गीताबाई म्हणाली. "तू एकली कवा दळलीस? भाजून झालं की मी तुझ्यापुढं येऊन बसायची न्हाई का? हात तुझ्या हाताखाली."

"वरती."

"खाली, सुला. तू जोर करायचीस, मी निस्ता हात लावायची. लय आळशी व्हते मी."

सुलाबाई पदराआडून हसली, रडता रडताच. सत्यशीलेनं ती संधी बरोबर साधली आणि तांब्या पुढं केला. सुलाबाईनं तो घेतला, घटाघटा निम्मा संपवला, उरलेल्या पाण्यानं पाय धुतले आणि ओसरीवर चढून लॅपटॉपपुढं मांडी घातली.

"आन इकडं तुझं लेकरू. ह्याचा कान कुठं हाय?"

"कुठंही बोला सुलाआजी. मी टाइप करते. पणजीचं ठिवू? कुसुमबाई मोकळं हाय, मी बघून ठिवलंय."

"मायचं नगं. मायनं आमाला दोन जागी बसवलं, बिचारीला काय ठावं पुढं काय व्हनार ते. भाजनारी ही, दळनारी मी. एकीच्यानं ते येसर झालं न्हाई, अन एकीच्या नावानं बी ते व्हायला नगं." तिनं स्क्रीनच्या कडेशी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला आणि बारशात करतात तसं म्हणाली, "कुर्रर्र... नणंदभावजय."

आता रीत अशी की आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण सत्यशीलेला धीर होईना, संघप्रियाला तर रीतच माहीत नव्हती. गीताबाई उठली. तिनं नणंदेच्या पाठीत असा धपाटा घातला की फोनमधली राजेश्री दचकली.

"हळू गं वैनी! नाव ठिवायलेव का माझा जीव घ्यायलीस?"

"नऊ सालाचा एकदम हाय," गीताबाई म्हणाली, आणि मग तो हात तिला पाठीवरून उचलवेना. तिथंच ठेवून ती रडली. सुलाबाईही रडली. सिद्धोधननं गॉगल शोधला आणि घातला, आत्ता त्याला त्याची खरी गरज होती.

संघप्रियानं नाव टाइप केलं. पाच माथी एका स्क्रीनवर वाकली. गोल गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवं झालं.

"मोकळं हाय! जगात कुणीच घेतलेलं न्हाई!"

"कोन घेनार?" सुलाबाई डोळे पुसत म्हणाली. "नणंद अन भावजय एका नावात बसल्या व्हत्या का कवा?"

"चौथीतला पोरगा वाचंल," सत्यशीलेनं पसंती दिली. "आत्या, लय झकास ठिवलंत."

"पुण्यात तर उड्या पडतील," राजेश्री म्हणाली. "माय, तुझ्याशी मी नंतर बोलनार हाय, पत्रिकेबद्दल. पर नाव भारी हाय."

"बोल, बाई. माझी ऐकायची तयारी हाय," गीताबाई म्हणाली.

"मी फ्लेक्सवाल्याला फोन लावतो!" सिद्धोधन उठला.

"खाली बस!" पाची बायका एका सुरात ओरडल्या, एक पुण्याहून.

मग अर्ज आला. मालकाचं पूर्ण नाव, असं पहिल्याच चौकोनात होतं. संघप्रिया सवयीनं आजीचं नाव टाकायला लागली.

"थांब," गीताबाई म्हणाली. "सुलाबाईचं लिव्ह."

"आज्जी, मालक एकच लागतोय."

"एकच लिव्ह मग. तिचंच. जे म्या खोडलं ते मलाच लिव्हून घ्यायचं हाय."

"वैनी, येसर तू करतीस..."

"तू गप. मान घ्यायला आलीस ना? मग पुरा घे."

संघप्रियानं एकेक अक्षर टाकलं. अक्षरं इंग्रजी. गीताबाईला मराठीच जेमतेम वाचता यायची. "झालं? आता प्रूफ दाखव," ती म्हणाली. नातीनं बोट ठेवून दाखवलं, हे सुलाबाई, हे नवऱ्याचं नाव, हे आडनाव. गीताबाईनं स्वतःचं बोट स्क्रीनवर टेकवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं. काही सुटलं नाही याची खात्री केली आणि मग मान हलवली.

नंबरही सुलाबाईचाच दिला. थोड्या वेळानं तिच्या पिशवीतला बटणांचा फोन टुणकन वाजला. त्यावर आलेले सहा आकडे सत्यशीलेनं शाळेत पाढे म्हणतात तसे मोठ्यानं वाचले. संघप्रियानं ते भरले.

"आता शेवटचं. किती वर्षांसाठी घ्यायचं?"

"म्हंजी?" गीताबाई चपापली. "नाव कायमचं मिळत न्हाई?"

"न्हाई आज्जी. मुदतीवर असतंय. मुदत संपली की पुन्हा घ्यायचं, न्हाईतर दुसरा कुणी घेतो. एक साल, दोन, पाच, न्हाईतर दहा."

"एकच घे," सिद्धोधन शहाणपणानं म्हणाला. "बघू कसं चालतंय ते."

"दहा," सुलाबाई म्हणाली.

गीताबाईनं तिच्याकडं पाहिलं. आपले बहात्तर, हिचे अडुसष्ट. हिच्या मनगटातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. "अगं, दहा साल आपुन ऱ्हातो का?"

"न बोलता नऊ काढले की," सुलाबाई म्हणाली. "बोलून दहा निघत न्हाईत व्हय? दाब पोरी दहा. अन वैनी, तू ऊठ. ती जळकी बाजरी टाकून दे, नवी घे. किती भाजायची ते ह्या खेपेला माझ्या कानात सांग."